ब्रेक लावताच थरथरणारी गाडी : निदानापासून दुरुस्तीपर्यंत

ताशी ८० किलोमीटरच्या पुढे असताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरू लागायचे, वेग साठाच्या खाली आला की थरथर ओसरायची, आणि ब्रेक न लावता तीच गाडी त्याच वेगाने अगदी सुरळीत धावायची. माझ्या गाडीला हा त्रास २०२५ च्या पावसाळ्यात सुरू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पूर्ण थांबला. मधल्या काळात काय काय करावे लागले, किती खर्च आला, कुठे थांबावे लागले आणि कोणती कागदपत्रे उपयोगी पडली, हे क्रमाने लिहीत आहे. हा दोष बऱ्याच गाड्यांत आढळतो, पण त्याची उकल सलगपणे सांगणारे कोणी मला त्या वेळी भेटले नव्हते.

गाडी २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे; पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी धातूची तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणारा पोकळ गोल डबा, ज्यावर आतून दाब येतो). मी बीडमध्ये राहते, शाळेत शिकवते आणि सासूबाईंना नियमित तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला स्वतः गाडी चालवत नेते. एप्रिल २०२४ मध्ये पुढच्या दोन्ही डिस्क झिजल्या म्हणून गावातल्याच एका गॅरेजमध्ये डिस्क आणि पॅड नवीन बसवून घेतले होते. त्यानंतर वर्षभर ब्रेकबद्दल काहीही तक्रार नव्हती. पुढे सगळी चौकशी या तारखेशी येऊन ठेपणार आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

जुलैमध्ये गेवराईच्या आसपास महामार्गावर पहिल्यांदा स्टिअरिंगमध्ये हलकी कंपने जाणवली. रस्ता खराब असेल असे वाटले, परंतु सपाट, नव्या डांबरावरही तेच झाले. मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरताना, ब्रेक सारखे लागून तापल्यावर, थरथर स्पष्टपणे वाढायची. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला आणि एका संध्याकाळी अंधारात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात आली. ब्रेक जोरात दाबावे लागले. गाडी वेळेत थांबली, पण त्या तेवढ्या अंतरात स्टिअरिंग इतके हलले की सासूबाईंनी डॅशबोर्ड धरला आणि नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, ही गाडी नीट होईस्तोवर आपण एसटीनं जाऊ." मलाही ते पटले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना तिकीट अर्धे आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या काळात प्रवासखर्चाची चिंता उरली नाही.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मी लक्षणे एका वहीत लिहून काढली, आणि हे प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगेन. किती वेगाला थरथर सुरू होते, किती वेगाला थांबते, ब्रेक थंड असताना किती आणि तापल्यावर किती, स्टिअरिंग हलते की बसण्याची सीट, पॅडलखाली धक्के जाणवतात का, या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच निम्मी दिशा ठरते. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांकडे असतो. सीट आणि गाडीचा मागचा भाग हलत असेल तर मागच्या चाकांकडे पाहावे लागते. ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला थरथर होत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे), वाकलेली रिम किंवा फुगलेला टायर आधी तपासावा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पॅडलखाली जी टकटक होते ती एबीएसची (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) असते आणि तो दोष नव्हे.

मागच्या ड्रमची शंका काढून टाकण्यासाठी एका रविवारी सकाळी, मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, ताशी चाळीसच्या वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरत तो हलकेच ओढून पाहिला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. ड्रम गोल राहिलेला नसेल तर त्या वेळी गाडी हिसके देते. माझी गाडी शांत राहिली. बटण सोडून हँडब्रेक ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते, म्हणून ज्यांना खात्री नाही त्यांनी हा प्रयोग करू नये, मिस्त्रीकडूनच करून घ्यावा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टायरच्या दुकानात चारही चाकांचे बॅलन्सिंग ४०० रुपयांत आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) ४५० रुपयांत करून घेतले. ब्रेक न लावता थरथर नव्हती, त्यामुळे यातून फारसे काही निघेल अशी अपेक्षा नव्हती; परंतु रिम वाकलेली नाही याची खात्री स्वस्तात झाली. थरथर मात्र तशीच राहिली.

त्यानंतर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या सल्लागाराने एक फेरी मारली आणि परत येऊन दोन्ही डिस्क, पॅड आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलावे लागतील असे सांगत १४,८०० रुपयांचे एस्टिमेट हातात दिले. चाक काढलेले नव्हते. डिस्क खराब आहे हे कशावरून ठरवले असे विचारल्यावर "ट्रायल घेतली ना मॅडम, डिस्क बेंड झाली आहे" एवढेच उत्तर मिळाले. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) किंवा टाय रॉडचे (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे) टोक झिजलेले असेल तर थरथर वाढते हे खरे आहे. पण ते झिजले आहे की नाही हे गाडी उचलून, पहारीने बुश हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी जॉबकार्डवर "तपासणीनंतर काम नाकारले" असे लिहून घेतले, तपासणीचे ३५० रुपये भरले, पावती घेतली आणि गाडी परत आणली. ते एस्टिमेट आणि जॉबकार्ड मी जपून ठेवले.

ओळखीच्या एका मिस्त्रीने दोन्ही डिस्कना लेथ मारून घेण्याचा, म्हणजे यंत्रावर त्यांचा पृष्ठभाग किंचित कातून सपाट करून घेण्याचा, सल्ला दिला. खर्च कमी होता आणि थरथर जाण्याची शक्यताही होती. परंतु नव्या डिस्क वर्षभरात अशा का झाल्या, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि त्या उत्तराशिवाय पैसे घालण्याची माझी तयारी नव्हती. फोनवर चौकशी करताना मी प्रत्येक गॅरेजला एकच प्रश्न विचारू लागले : तुमच्याकडे डायल गेज आणि मायक्रोमीटर आहे का? पहिल्याने डिस्कचा डोल मोजतात, दुसऱ्याने तिची जाडी. बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असे आले. शेवटी छत्रपती संभाजीनगरमध्ये रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लहान गॅरेजचा पत्ता मिळाला. तिथले मालक आधी टूल रूममध्ये, म्हणजे अचूक मापाची हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागात, काम केलेले होते. ते फोनवर म्हणाले, "ताई, आधी मोजू, मग बोलू. मोजायचे तीनशे रुपये, काम झालं तर ते बिलात वळते." नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

तिथे जे पाहिले ते मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळे निदान त्या तासाभरात झाले.

गाडी लिफ्टवर घेऊन त्यांनी प्रथम लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि चाकाचे बेअरिंग हाताने व पहारीने तपासले. सगळे घट्ट होते. म्हणजे एस्टिमेटमधला लोअर आर्मचा भाग तिथेच निकाली निघाला. मग पुढचे डावे चाक काढले आणि चाकाचेच नट, खाली वॉशर घालून, डिस्कवर पुन्हा आवळले. चाक काढल्यावर डिस्क सैल राहते आणि तशीच मोजली तर आकडा खोटा येतो, म्हणून हे आवश्यक असते. लोहचुंबकाच्या स्टँडवर डायल गेज बसवून त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा एका जागी शून्यावर होता आणि अर्ध्या फेरीनंतर १२ वर गेला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे डिस्क ०.१२ मिलिमीटर डोलत होती. सर्वसाधारणपणे हा डोल ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. उजव्या बाजूला तो ०.०४ होता.

त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी तिच्या घेरावर आठ ठिकाणी मोजली. डाव्या डिस्कच्या सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला, उजवीकडे ०.०१. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही लागत नाही, पण थरथर होण्यास तो पुरेसा असतो. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. जाड जागा आली की पॅड किंचित मागे ढकलले जातात, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो आणि चाक क्षणभर अधिक जोराने अडवले जाते, पातळ जागा आली की पकड सैल होते. ताशी १०० च्या वेगाला माझ्या गाडीचे चाक सेकंदाला साधारण १५ फेरे घेते, त्यामुळे ही आवळ-सोडही सेकंदाला पंधरा वेळा होते आणि तीच स्टिअरिंगपर्यंत पोहोचते.

मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर डिस्क उतरवल्यावर मिळाले. हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या) ज्या सपाट बाजूवर डिस्क टेकते, तिथे दोन बोल्टच्या मधल्या जागेत गंजाचा थर होता, जुन्या तव्याच्या पाठीवर चढलेल्या किटासारखा कडक आणि खडबडीत. नखाने निघत नव्हता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर त्याचे पापुद्रे पडले. डिस्कच्या आतल्या बाजूला त्या जागीच दाबल्याची खूण उमटली होती. एप्रिल २०२४ मध्ये नवी डिस्क हा थर न काढता त्याच्यावरच बसवली गेली होती. थर हबवर बारीक असला तरी डिस्कच्या कडेपर्यंत जाताना डोल जवळपास दुप्पट होतो. अशी डोलणारी डिस्क ब्रेक न लावताही दर फेरीला एका ठरावीक जागी पॅडला घासत राहते आणि ती जागा हळूहळू पातळ होते. म्हणूनच नवीन डिस्क बसवल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. "डिस्क बेंड झाली" असे सगळे म्हणत असले तरी माझी डिस्क वाकलेली नव्हती; ती वाकडी बसवलेली होती आणि त्यामुळे असमान झिजली होती.

आणखी एक दोष निघाला. डाव्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) खालच्या पिनेवरचे रबर फाटले होते, आत काळ्या मातीची धूळ आणि पाणी शिरून पिन अडकली होती. कॅलिपर नीट सरकत नसल्याने आतला पॅड ४ मिलिमीटर उरला होता आणि बाहेरचा ७. आपल्याकडे शेतरस्त्याने जाणाऱ्या गाड्यांत ही पिन दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहून घ्यावी. तिला ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लावावे लागते. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते.

हबची बाजू वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ केल्यावर डिस्क परत बसवून मोजली, तेव्हा डोल ०.१२ वरून ०.०३ वर आला. तो आकडा पाहून मला खरोखर हायसे वाटले. इतके महिने ज्या गोष्टीची धास्ती होती ती तारेच्या ब्रशने निघण्याजोगी होती. जाडीतला फरक मात्र साफसफाईने जाणार नव्हता. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर तो २० मिलिमीटर होता आणि प्रत्यक्ष जाडी २१.३ होती. दोन्ही बाजूंनी अगदी हलका लेथ मारला तरी पुरेशी जाडी शिल्लक राहणार होती, म्हणून नव्या डिस्क न घेण्याचे ठरले. जाडी किमान आकड्याच्या जवळ आली असती तर लेथचा विचारही करू नये, असे त्यांनी बजावून सांगितले.

लेथवाल्याच्या घरी लग्न होते, त्यामुळे गाडी तिथेच ठेवून मी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीने बीडला परतले. तुळशीच्या लग्नानंतर कामाला गाडी द्यायची असेल तर कारागीर जागेवर आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी तयार झाल्याचा फोन आला.

बिल असे होते : दोन्ही डिस्कना लेथ ९०० रुपये, पुढचे पॅड १,९५०, कॅलिपरच्या पिना व रबरांचा संच ४२०, ब्रेक ऑइल ३५०, मजुरी १,६००, एकूण ५,२२० रुपये, करासह. मोजणीचे तीनशे मजुरीत वळते केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे जुना माल असला तरी बिलावरचा दर पाहावा. मी आणखी एक गोष्ट मागितली आणि ती त्यांनी आनंदाने दिली : दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे सगळे आकडे, तारीख आणि गाडीच्या किलोमीटरसह, लेटरहेडवर सहीनिशी.

चाक बसवताना नट एअर गनने न आवळता टॉर्क पान्याने (जो ठरवलेल्या जोरानेच आवळतो), समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळले. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नट कमीजास्त आवळले गेले तर स्वच्छ हबवरही डिस्क तिरकी ओढली जाते. पंक्चर काढल्यावर घाईत एअर गनने आवळलेले नट हे थरथरीचे एक मोठे कारण आहे, म्हणून मी २,२०० रुपयांचा टॉर्क पाना घेतला. आता पंक्चर काढले की दुकानदाराला नट हातपान्याने लावायला सांगते आणि शेवटचे आवळणे स्वतः करते.

नवे पॅड लावल्यावर ते डिस्कशी घासून जुळवून घ्यावे लागतात. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, साठच्या वेगावरून मध्यम दाबाने पंधरापर्यंत यायचे, पूर्ण थांबायचे नाही, थोडे अंतर ब्रेक न लावता चालवून हवा लागू द्यायची आणि हेच आठ-दहा वेळा करायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि थरथर पुन्हा येऊ शकते. यानंतर पाडळसिंगीच्या टोलनाक्याअलीकडे शंभराच्या वेगावरून ब्रेक लावून पाहिला. स्टिअरिंग स्थिर होते. सासूबाई मागच्या सीटवर होत्या. "झाली बरं का नीट," एवढे म्हणून त्या पुन्हा पदर सावरून बसल्या.

उरला होता एप्रिल २०२४ च्या कामाचा प्रश्न. मी त्या गॅरेजच्या मालकांना भेटून आकड्यांचा कागद, हबच्या गंजाचे फोटो आणि त्यांचे जुने बिल दाखवले. त्यांनी सहा महिन्यांची वॉरंटी संपल्याचे सांगितले. माझे म्हणणे असे होते की भाग खराब निघाला नव्हता, बसवण्याचे काम अपुरे झाले होते. मग हेच मुद्दे एका पानाच्या पत्रात लिहून स्पीड पोस्टाने पाठवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. नोंदणी क्रमांक मोबाइलवर आला. ही हेल्पलाइन न्यायालय नाही; ती दावा दाखल करण्यापूर्वीची समेटाची पायरी आहे. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मी आयोगापर्यंत जाण्याची तयारी ठेवली होती, पण तशी वेळ आली नाही. डिसेंबर संपण्यापूर्वी गॅरेजमालकांचा फोन आला, जुन्या कामाची मजुरी १,४०० आणि लेथचे ९०० असे २,३०० रुपये त्यांनी खात्यावर पाठवले आणि मी पोच लिहून दिली. हेल्पलाइनला तक्रार मिटल्याचे कळवले. मालकांनी सौजन्याने वागवले हेही नमूद करते. आता नवी डिस्क बसवताना हब साफ करून घेतो असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

जानेवारीत तपासणीसाठी संभाजीनगरला गेले तेव्हा गाडी पुन्हा लिफ्टवर घेऊन डावी डिस्क मोजून घेतली. डोल ०.०३ वरच होता आणि जाडीतला फरक मायक्रोमीटरवर दिसण्याइतका नव्हता. पुढची मोजणी उन्हाळा संपल्यावर, पिनांच्या ग्रीससोबत, करायची ठरली आहे.